काळीज कोठे असते?

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दी व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा माझ्याकडून एखाद्या संतकवीवर किंवा सीमाभागातील मराठीच्या स्थितीवर व्याख्यान अपेक्षित असावे. मी विषय कळविला तो 'हृदय आणि रक्तवाहिन्या यांची रचना' हा. चिटणीसांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "सर, हृदय म्हणजे कवितेतले ना?" मी म्हणालो, "नाही, छातीतले." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी चिंता उमटली, ती आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर आत्ताही मला दिसते आहे. प्रारंभीच सांगून टाकतो, की मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, आणि आपल्याला औषध सांगण्यासाठी येथे उभा नाही. मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय. हृदय हा शब्द मी वर्गात दिवसातून दहादा उच्चारीत आलो. तो अवयव नेमका कोठे असतो, आतून कसा दिसतो, त्याला जोडलेल्या नळ्या कोठून कोठे जातात, याची मला मात्र काडीमात्र माहिती नव्हती. ती मला उशिरा झाली. किती उशिरा, ते पुढे येईलच.

आपल्या बोलण्यात या अवयवाचा वावर केवढा आहे पाहा. भीती वाटली की काळीज धडधडते, वाईट वार्ता कानी आली की काळजात चर्र होते, फार सोसले की काळजाला घरे पडतात, मुलाने नाव काढले की बापाचे काळीज सुपाएवढे होते. काळजी हा शब्दही काळजाच्याच घरचा मानला जातो. आणि गंमत अशी, की काळीज म्हणजे हृदय नव्हेच! संस्कृतातील 'कालेय' या शब्दाचा अर्थ यकृत. त्यापासूनच आपले काळीज आणि शेजारच्या हिंदीतले कलेजा निघाले. फारसीतून आलेली जिगर घ्या, तीही मुळात यकृतच. यकृत आणि जिगर हे दोन शब्द तर एकाच जुन्या शब्दाची दोन रूपे आहेत. म्हणजे आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते, तेव्हा शब्दशः ती त्याला यकृताचा तुकडा म्हणत असते. प्राचीनांची काही चूक नव्हती. यकृत हा देहातला केवढा थोरला, रक्ताने भरलेला, तांबडाकाळा अवयव! प्राणाचे ठाणे तेथेच असणार, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. ग्रीक वैद्य गॅलेन यानेही रक्त यकृतातच तयार होते असे सांगितले, आणि युरोप तेराशे-चौदाशे वर्षे तेच मानीत राहिला.

ही व्युत्पत्ती मी वर्गात रंगवून सांगत असे. विद्यार्थी हसत, मीही हसे.

२०११ सालच्या डिसेंबरात, आंबिया बहराची संत्री उतरविण्याचे दिवस असताना, माझे थोरले बंधू पहाटे बागेतून परत आले आणि ओसरीवर बसले. पोटाच्या वर, बरगड्यांच्या बेचक्यात जड वाटते म्हणाले. थंडी कडाक्याची होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मळमळ होती. खालच्या जबड्यात दुखत होते, म्हणून वहिनी म्हणाल्या, दाढ असेल. दादा म्हणाले, "काई नाई रे, पित्त चढलं." ओवा दिला, सोडा दिला, पाठीला तेल चोळले. मी शेजारी बसून होतो. त्यांना थोडे बरे वाटले, पुन्हा जड वाटू लागले, पुन्हा बरे वाटले. असे करता करता साडेनऊ झाले, आणि मग गाडी काढली. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. सावनेर यायचे होते, त्याच्या अलीकडेच ते गेले.

पुढे डॉक्टरांनी सर्व ऐकून सांगितले, की हा हृदयविकाराचाच झटका असणार, पहाटेपासूनच. मी म्हणालो, "पण छातीत डाव्या बाजूला दुखत नव्हते." ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या क्षणी कळले, की हृदय डाव्या बाजूला असते एवढेच मला ठाऊक आहे, आणि तेही पुरते खरे नाही.

महिनाभराने मी आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो आणि म्हणालो, "मला हृदय दाखवा." तक्ता नको, पुस्तक नको, प्रत्यक्ष दाखवा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, की बकऱ्याचे हृदय माणसाच्या हृदयासारखेच चार कप्प्यांचे असते, ते घेऊन या. मी जन्मात प्रथमच मांसाच्या दुकानाची पायरी चढलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. मी म्हणालो, "बाबा रे, एक काळीज दे." त्याने लगेच एक गुळगुळीत तांबडाकाळा गोळा तराजूत टाकला. मी म्हणालो, "हे नव्हे, काळीज." तो म्हणाला, "सर, हेच तर काळीज हाये. तुमाले दिल पायजे का?" वर्षानुवर्षे वर्गात सांगितलेली व्युत्पत्ती अशी माझ्यासमोर तराजूत पडली होती, आणि तरी मला ती ओळखता आली नव्हती.

प्रयोगशाळेतल्या त्या दुपारी मी जे पाहिले, ते आता सांगतो.

हृदय हाती घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती त्याचा घट्टपणा. यकृत लिबलिबते, हृदय मुठीसारखे आवळलेले असते. माणसाचे हृदय त्याच्या स्वतःच्या मुठीएवढे आणि साधारणपणे २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे. रुंद भाग वर, टोक खाली. आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांनी त्याला खाली तोंड केलेल्या कमळाच्या कळीची उपमा दिली आहे. हातात घेऊन पाहिल्यावर ती किती नेमकी आहे ते पटते. ते असते छातीच्या मधोमध, पुढच्या सपाट हाडाच्या मागे, दोन फुप्फुसांच्या मध्ये. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे जातो आणि टोक डाव्या बाजूच्या पाचव्या व सहाव्या बरगड्यांमधल्या फटीशी येते. ठोका तेथे हाताला लागतो, म्हणून आपण म्हणतो, हृदय डावीकडे. आपल्या घराघरांत छाती उघडून राम-सीता दाखविणाऱ्या मारुतीचे चित्र असते. त्या चित्रकारांनी राम-सीतेला डावीकडे कधीच बसविले नाही, नेहमी मधोमध बसविले. शरीरशास्त्र त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळत होते, असेच म्हणावे लागेल.

सहकाऱ्यांनी पात्याने ते उभे चिरले. आत चार दालने. वरची दोन लहान आणि पातळ भिंतींची, खालची दोन मोठी आणि जाड. वरच्या दालनाला अलिंद म्हणतात, खालच्याला निलय. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका असेही शब्द आढळतात. पण मला अलिंद-निलय ही जोडी अधिक आवडली. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहते घर. रक्त आधी ओसरीवर येते, मग घरात जाते. ज्याने हे शब्द योजले त्याला शरीरही कळत होते आणि वाडाही.

साऱ्या देहात फिरून आलेले काळपट रक्त दोन मोठ्या नळ्यांनी उजव्या ओसरीवर येते, तेथून तीन पाकळ्यांच्या झडपेतून उजव्या घरात, आणि तेथून फुप्फुसांकडे. फुप्फुसांत प्राणवायू घेऊन लालभडक झालेले रक्त डाव्या ओसरीवर उतरते, दोन पाकळ्यांच्या झडपेतून डाव्या घरात जाते, आणि तेथून महारोहिणी नावाच्या थोरल्या नळीतून सर्व देहभर. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचे असते, म्हणून त्याची भिंत पातळ. डाव्याला ते मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवायचे असते, म्हणून त्याची भिंत सुमारे तिप्पट जाड. या झडपांच्या कडांना खालून पांढरे, चिवट दोरे बांधलेले असतात. मी एक बोटाने ओढून पाहिला, तो तुटेना. पतंगाला कणी बांधावी तशी त्यांची रचना असते. रक्ताच्या दाबाने झडप उलटी फिरू नये म्हणून ते तिला खालून धरून ठेवतात.

नंतर त्यांनी एक साधी गोष्ट केली. महारोहिणीचे कापलेले तोंड नळाखाली धरले. पाणी आत गेले, आणि खाली उतरण्याऐवजी तेथेच थांबले. वाकून पाहिले तर अर्धचंद्राच्या आकाराचे तीन पातळ खिसे पाण्याने फुगून एकमेकांना घट्ट चिकटले होते. मेलेल्या बकऱ्याच्या हृदयात, कोणाचाही हात न लागता, ते दार बंद झाले होते. कानाला नळी लावून डॉक्टर जे दोन आवाज ऐकतात, ते या झडपा मिटण्याचेच. पहिला आवाज अलिंद-निलयांमधल्या झडपांचा, दुसरा या खिशांचा.

अशी ही यंत्रणा मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा चालते. तिला चालविण्यासाठी मेंदूच्या हुकमाची गरज नसते. उजव्या अलिंदाच्या भिंतीत एक चिमुकली गाठ असते, ती स्वतःच विजेचे स्पंदन सोडते. कीथ आणि फ्लॅक या दोघा ब्रिटिशांनी ती १९०७ साली दाखवून दिली. एका देहातून काढलेले हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविता येते ते यामुळेच. केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी हे प्रथम केले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसे केले. त्यांचा रोगी काही तासच जगला. यश यायला २६ वर्षे जावी लागली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना ते आले. नव्या हृदयाबरोबर रोग्याची माया पालटली, असे कोठे झाले नाही. कवींनी हे मनावर घ्यावे असा माझा आग्रह नाही.

आता रक्तवाहिन्यांकडे वळतो. येथे शब्दांचा थोडा घोळ आहे, आणि आपण मध्य प्रदेशातले मराठी लोक त्या घोळाच्या अगदी मध्यभागी उभे आहोत. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण इकडेच राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, तरी शाळेतले विज्ञान आपली बहुतेक मुले हिंदीतूनच शिकतात. हृदयापासून दूर रक्त नेणारी नळी त्यांना 'धमनी' म्हणून ठाऊक असते, आणि हृदयाकडे आणणारी 'शिरा' म्हणून. मराठी ग्रंथांत त्यांनाच रोहिणी आणि नीला म्हणतात. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. मराठी शब्द अधिक सुंदर आहेत यात शंका नाही. पण अडचण अशी, की हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत रक्त काळपट असते आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलांत लालभडक. रंगावरून ठेवलेले नाव तेथे फसते. शिवाय नीलेतले रक्त निळे नसतेच, गडद तांबडे असते. कातडीआडून ते निळसर भासते, इतकेच. मी मराठीचा माणूस असूनही कबूल करतो, की या एका ठिकाणी हिंदी पाठ्यपुस्तकाची जोडी कमी फसवते. पण 'धमनी'ही निर्दोष नाही. तिच्यातला 'धम्' धातू फुंकण्याचा, भात्याचा. ग्रीकांचीही समजूत अशीच होती, की या नळ्यांतून वारा वाहतो. याचे कारण साधे आहे. मृत्यूनंतर या लवचीक नळ्या आवळतात आणि आतले रक्त पुढे नीलांत जाते. प्रेत उघडून पाहणाऱ्याला त्या रिकाम्या दिसतात.

या दोन वाहिन्यांतला फरक पांढुर्णेकरांना पुस्तकात पाहायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, ती पाहिलेल्यांना सांगायला नको. एखाद्याच्या डोक्यातून लालभडक रक्त ठोक्याठोक्याला उडते, ती फुटलेली रोहिणी. दुसऱ्याच्या हातावरून गडद रक्त संथपणे ओघळत राहते, ती नीला. आणि डोक्याची जखम लहान असूनही इतकी का वाहते, असा प्रश्न मला लहानपणापासून पडे. त्याचे उत्तर असे, की डोक्याच्या कातडीतल्या वाहिन्या घट्ट तंतूंत रुतलेल्या असतात. तुटल्यावर त्या अन्य ठिकाणच्यासारख्या आवळून मिटत नाहीत, उघड्याच राहतात. अशा वेळी हळद शोधत बसू नये, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे.

या साऱ्या नळ्या निघतात कोठून, याविषयी आपल्या पूर्वजांत दोन मते होती. चरकसंहितेत हृदयाला लागून असलेल्या दहा थोरल्या वाहिन्यांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सुश्रुत मात्र सातशे सिरा सांगतो आणि त्यांचे मूळ नाभीत ठेवतो. आपल्याकडे जामसावळीला पहुडलेल्या मारुतीच्या नाभीतले पाणी तीर्थ म्हणून रोग्याला देतात. नाभी हे जीवनाचे उगमस्थान ही भावना आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. आधुनिक विद्वान सुश्रुताच्या या मताला हसतात. मला हसू येत नाही. गर्भाचा विचार करा. मातेकडून येणारे शुद्ध रक्त नाळेतून, म्हणजे नाभीतूनच, बाळाच्या देहात शिरते. शिरते ते थेट यकृताकडे, आणि तेथून हृदयाकडे. उजव्या आणि डाव्या अलिंदांमधल्या पडद्याला त्या काळात एक झरोका असतो, त्यातून ते पलीकडे जाते, कारण फुप्फुसे अजून बंद असतात. बाळ पहिला श्वास घेते तेव्हा तो झरोका मिटू लागतो आणि नाभीची ती वाट कायमची सुकते. तिची दोरी आपल्या सर्वांच्या यकृताशी अजून लोंबत असते. म्हणजे जन्मापूर्वी आपण सारे सुश्रुताच्या मताचे असतो! त्याने प्रेतेही पाहिली होती. पिंजऱ्यात घालून, गवताने गुंडाळून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवलेले प्रेत कुंचल्याने खरवडून थर पाहावेत, अशी त्याची पद्धत होती. अवयव दिसण्यासाठी ती उत्तमच. परंतु अशा देहात रक्त उरणार कोठून, आणि त्याची गती दिसणार कशी?

ती गती सुश्रुताने कल्पनेने मांडली. बागेला पाटांनी आणि शेताला कालव्यांनी पाणी मिळावे, तसा देह सिरांनी पोसला जातो, अशी त्याची उपमा आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रेवाल्यांना ती लगेच कळावी. विहिरीतून पाणी काढले, पाटाने सोडले, झाडाच्या आळ्यात जिरले, संपले. गॅलेनची कल्पनाही थोड्याफार फरकाने हीच. रक्त तयार व्हायचे, अवयवांत जिरायचे, पुन्हा नवे व्हायचे.

शिवजन्माच्या दोनच वर्षे आधी, १६२८ साली, विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने हा पाट मोडला. त्याने फक्त हिशेब केला. आजच्या आकड्यांत तो असा मांडता येईल. एका ठोक्याला हृदय सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. ७२ ठोक्यांचे झाले पाच लिटर. देहात एकूण रक्त किती? तेही साधारण पाच लिटर. दिवसाकाठी सात हजार लिटरांहून अधिक उपसा! एवढे रक्त रोज नवे तयार होऊन रोज जिरत असेल, तर माणसाने खावे तरी किती? विहिरीत जेवढे पाणी आहे तेवढे मोटार मिनिटामिनिटाला उपसते आणि विहीर आटत नाही, तर एकच अर्थ होतो, की पाणी फिरून विहिरीतच येत आहे. आमच्या बागांत हा हिशेब रोज डोळ्यांसमोर असूनही कोणाला सुचला नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

त्याचा दुसरा पुरावा आपल्याला आत्ता, खुर्चीत बसल्या बसल्या पाहता येईल. एक हात खाली लोंबता ठेवा. हातावर एखादी ठसठशीत नीला दिसेल. तिच्यावर एक बोट दाबा, आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेला रक्त पुसत न्या. नीला चपटी होईल आणि, मधे एखादी झडप असेल तर, चपटीच राहील. वरचे रक्त खाली परतणार नाही. पहिले बोट उचलताच ती खालून भरेल. नीलांत जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. हार्वीचे पादुआ येथील गुरू फाब्रिशियस यांनी त्या पाहून ठेवल्या होत्या, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना उमगले नव्हते. गुरूने वस्तू पाहिली, शिष्याने तिचा अर्थ लावला. हार्वीला एकच दुवा दिसला नाही, रोहिणीतले रक्त नीलेत पोहोचते कसे हा. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, मालपीगी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसांहूनही बारीक वाहिन्या दिसल्या, आणि वर्तुळ पुरे झाले. त्या इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक जावे लागते.

आणि आता त्या दुपारची शेवटची गोष्ट. ज्या हृदयातून दिवसाला सात हजार लिटर रक्त जाते, ते स्वतः त्यातल्या थेंबावरही जगू शकत नाही. त्याच्या भिंती इतक्या जाड, की आतल्या रक्ताचा त्यांना उपयोग होत नाही. इतर अवयवांप्रमाणे त्यालाही स्वतःची रोहिणी लागते. सहकाऱ्यांनी महारोहिणी उभी चिरली आणि त्या तीन खिशांच्या किंचित वर मला दोन लहान छिद्रे दाखविली. एकात त्यांनी झाडूची काडी घातली. ती हृदयाच्या पृष्ठभागावरच्या चरबीतून वळत जाताना दिसली. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या दोन रोहिण्यांची ती मुखे. माणसात त्यांतल्या डाव्या रोहिणीचा व्यास साधारण चार मिलिमीटर असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिच्या पुढे दोन मोठ्या फांद्या होतात. या वाहिन्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब त्याला हातभार लावतात. दादांना खर्ऱ्याची सवय होती. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी होते आणि दाण्याएवढी वाट बंद होते. तिच्यापुढचा हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या सुमारास मरू लागतो आणि पुढचे काही तास मरत राहतो. त्या काही तासांत औषधाने गुठळी विरघळविता येते, किंवा नळी घालून वाट मोकळी करता येते. १९७७ साली झुरिचला ग्रुंटझिग यांनी ते प्रथम करून दाखविले. २०११ साली नागपुरात ते रोजचे झाले होते.

मग पित्त का वाटले? मी सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी तक्ता काढला. हृदयाची खालची बाजू ज्या पडद्यावर टेकलेली असते, त्या श्वासपटलाच्या लगेच खाली एका अंगाला जठर असते आणि दुसऱ्या अंगाला यकृताचा डावा भाग. म्हणजे हृदय आणि काळीज हे सख्खे शेजारी आहेत, मध्ये केवळ एक पडदा. हृदयाचा खालचा भाग दुखावला, की वेदना बरगड्यांच्या बेचक्यात येते, मळमळते, ओकारी होते. आणि हृदयाच्या वेदनेच्या तंतूंना मज्जारज्जूत स्वतंत्र दरवाजा नसतो. हाताच्या आतल्या बाजूचे, छातीचे तंतू जेथे शिरतात तेथेच ते शिरतात, म्हणून मेंदूला पत्ता नीट लागत नाही. दुखते हृदय, आणि माणूस दाखवितो हात, जबडा, पाठ किंवा पोट. दादांनी जे दाखविले ते सर्व पुस्तकात ओळीने लिहिलेले होते. घाम, मळमळ, जबडा. ते पुस्तक आपल्या या ग्रंथालयात, माझ्या नेहमीच्या कपाटापासून दोन कपाटे पलीकडे होते.

हे ठाऊक असते तर दादा वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत ज्यांनी एवढे नाव मिळविले, ते डॉ. नितू मांडके २००३ साली ऐन पंचावन्नीच्या सुमारास हृदयविकाराच्याच झटक्याने गेले. पण आम्ही साडेनऊला निघालो ते साडेसहाला निघालो असतो. एवढे निश्चित म्हणता येते. वहिनींनी मला नंतर एकदा विचारले, "भाऊजी, तुम्ही तर इतके शिकलेले, तुम्हालाही कळलं नाही?" त्या रागाने बोलल्या नाहीत, खरोखरच विचारत होत्या. मी त्यांना तक्त्यातले सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, की जबड्याचे काय म्हणालात ते पुन्हा सांगा. आता आमच्या आळीत कोणाला पहाटे घाम येऊन पोटाच्या वर जड वाटले, तर ओव्याची डबी काढायच्या आधी वहिनी गाडी काढायला लावतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात आधी हृदयाचा आलेख काढून घ्या म्हणतात. दोनदा ते खरोखरच पित्त निघाले. लोक त्यांना हसले. तिसऱ्या वेळी निघाले नाही, आणि तो गृहस्थ आज या सभागृहात बसलेला आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही.

ते बकऱ्याचे हृदय अजून प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत आहे. बरणीवर हिंदीत चिठ्ठी होती; तिच्याखाली मी मराठी शब्द लिहून चिकटविले आहेत, आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या मुखात झाडूची काडी तशीच ठेवली आहे. सभासदांपैकी ज्यांना पाहण्याची इच्छा असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी दुपारी यावे, मी तेथे असतो.